फुगे कोण सोडतं

मी पोटासाठी काय करतो, हे नातेवाइकांना सांगण्याचा प्रयत्न मी केव्हाच सोडून दिला. लातुरात राहणाऱ्या माणसाचं एक बरं असतं. तो एक तर क्लासेस चालवतो, नाहीतर क्लासेसच्या पोरांना खोल्या देतो, नाहीतर त्यांना डबे पुरवतो, असं लोक धरूनच चालतात. मी यातलं काहीच करत नाही आणि दिवसभर घरात लॅपटॉपपुढे बसलेला असतो. त्याअर्थी बायकोच्या पगारावर जगतो, असा निष्कर्ष काढून आमच्या गल्लीने मला मोठ्या मनाने माफ केलेलं आहे.

खरं काम असं की, पुण्याच्या एका कंपनीसाठी मी व्हिडिओ रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक लहानसा तुकडा लिहितो. हल्लीच्या काही महागड्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यांना एक खोड आहे. त्यांच्यापुढे अंगठा वर करून धरला की चित्रात तुमच्याशेजारी अंगठ्याचा बुडबुडा उगवतो. दोन बोटं दाखवली की फुगे उडतात. दोन्ही अंगठे वर केले की पाठीमागे आतषबाजी होते आणि दोन्ही खाली केले की डोक्यावर ढग येऊन पाऊस पडतो. दोन्ही हातांची पहिली आणि शेवटची बोटं शिंगांसारखी उभी केली तर डीजेच्या गाडीवरचे असतात तसे रंगीत किरण सुटतात. हे कुणी मागितलं होतं, मला माहीत नाही. मी तरी मागितलं नव्हतं.

आमच्या कंपनीचं गिऱ्हाईक परदेशातलं. ते लोकांच्या जबान्या व्हिडिओवर नोंदवून घेतं. एका बाईने आपली दोन मुलं अपघातात गेली हे सांगताना दोन बोटं दाखवली आणि तिच्यामागून रंगीबेरंगी फुगे संथपणे वर गेले. गिऱ्हाइकाने कळवळून विचारलं, हे बंद करता येईल का? तर आमच्याकडून नाही. बंद करण्याचं बटण ज्याचा लॅपटॉप त्याच्या हाती. आमच्या सॉफ्टवेअरला नुसतं बघता येतं. म्हणून वरिष्ठांनी बैठका घेतल्या आणि असं ठरलं की बंद करता येत नसेल तर निदान नोंद ठेवावी. कोणता इफेक्ट, कधी सुरू झाला, कधी संपला. ते काम माझ्या वाट्याला आलं. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि वर नोकरीची चोवीस वर्षं, एवढा खटाटोप करून मी आता फुगे उडाले की लिहून ठेवतो.

हे मी माझ्या आईला, म्हणजे मायला, एकदा सांगितलं होतं. माय नांदेडला राहते, माझ्या थोरल्या बहिणीबरोबर.

"फुग्यायची नोंद?" माय म्हणाली. "कामून? चोरीला जात्यात का ते?"

माझ्या वरिष्ठांना जो प्रश्न सुचला नाही तो तिला लगेच सुचला.

थोरली बहीण म्हणजे आक्का. आक्का जन्मापासून ऐकत नाही आणि बोलत नाही. "आक्का" ही हाक तिने आयुष्यात कधी ऐकलेली नाही, तरी आम्ही ती मारतो, सवय दुसरं काय. ती घरी शिवणकाम करते आणि नांदेडात आमच्या तरोड्याच्या बाजूला तिच्या हातच्या ब्लाउजला तोड नाही. मापं देणाऱ्या बायका सुरुवातीला तिच्याशी मोठ्याने ओरडून बोलतात, बहिऱ्या माणसाशी सगळेच बोलतात तसं, आणि मग दमून हात हलवायला लागतात.

आमच्या घराची एक खुणांची भाषा आहे. ती जगात कुठेही शिकवत नाहीत, कारण ती आम्ही चार माणसांनी अडीनडीला जमवलेली. गालाला हात म्हणजे झोप. छातीवर आडवी रेघ म्हणजे माय, तिच्या पदरावरून. मी म्हणजे बैल. दोन्ही हातांची शिंगं. लहानपणी मी एकदा रुसून दारात आडवा पडलो आणि कुणाच्या सांगण्यानेही हललो नाही, तेव्हा आक्काने माझं बारसं केलं. आधी ती ही शिंगं स्वतःच्या कपाळाशी धरायची. माझं लग्न झाल्यावर मान राखून खांद्याइतकी खाली आणली.

आणि बाबा म्हणजे दोन्ही अंगठे वर. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. संध्याकाळी सायकल आत घेताना ते दारातूनच तिला दोन्ही अंगठे दाखवायचे, सगळं ठीक ना, अशा अर्थाने. त्यांना तेवढी एकच खूण येत होती. तिनेही त्यांचं तेच नाव ठेवून टाकलं.

बाकीच्या खुणा मला येतात असा घरात समज होता आणि तो मी जपला होता. दवाखान्यात, बँकेत, लग्नाकार्यात आक्का काही सांगायला लागली की लोक माझ्याकडे बघत. मी मान डोलावून ऐकल्यासारखं करायचो आणि तिचं पाच मिनिटांचं सांगणं "हो म्हणते" किंवा "नको म्हणते" एवढ्यात आटपायचो. खरं तर तिच्या बोलण्यातलं निम्मं मला कळत नसे. ती सतरा वर्षांची होईपर्यंत मूकबधिरांच्या वसतिगृहात होती. तिथे पोरी आपसात ज्या झपाट्याने हातांनी बोलत, ती भाषा ती बरोबर घेऊन आली होती, आणि घरी येऊन तिने आमच्यासाठी ती मोडीत काढली. आमच्याशी ती बोबडं बोलत होती म्हणा ना. हे मला कळायला पन्नाशी जवळ यावी लागली.

गेल्या मे महिन्यात मी लॅपटॉप घेऊन नांदेडला गेलो तेव्हा हौसेने आक्काला कॅमेऱ्यापुढे बसवलं. मी मागे उभा राहून दोन बोटं दाखवली. फुगे उडाले. आक्का दचकली, मग हसली, मग तिने हात पसरून विचारलं, कोण करतं? मी ऐटीत स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी करतो. हे माझं काम. तिने मायकडे बघून गाल फुगवले आणि माझी शिंगं केली. बैल फुगे सोडतो. माय पदर तोंडाला लावून हसत राहिली. मीही हसलो. एका माणसाला का होईना माझं काम समजलं म्हणून मला बरं वाटलं होतं. ते तिला चुकीचं समजलं होतं, आणि चुकीचं मीच सांगितलं होतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी पुन्हा नांदेडला गेलो तेव्हा आक्काने आम्हाला मोबाइलवर एक कागद दाखवला. लातूरच्या एका निवासी मूकबधिर शाळेत मुलींना शिवण शिकवणारी बाई हवी होती. राहायला खोली, जेवण शाळेतलंच. आक्काची वसतिगृहातली मैत्रीण तिथे स्वयंपाकाला होती, तिने तो पाठवला होता. आक्काने कागदावर बोट ठेवलं, मग स्वतःवर ठेवलं. एवढं तर कुणालाही कळलं असतं.

माय म्हणाली, "या वयात? लोकं म्हणतील, बाप गेला न् भावानं भयनीला घराभाईर काढली. इथं काय कमी हाय तिला?"

मी म्हणालो, "जाऊ दे ना माय, तिची इच्छा आहे तर."

हे मी फार उदारपणे म्हणालो. अशा मुलाखतीतून काही निघत नसतं, याची मला खात्री होती. जिथे जायची वेळच येणार नाही तिथे जाण्याची परवानगी द्यायला आपलं काय जातं? आक्का मात्र त्या दिवसापासून बदलली. तिने लोकांची शिवणं भराभर हातावेगळी केली, नवीन घेणं बंद केलं, आणि ट्रंकेतून वसतिगृहातले फोटो काढून उशाशी ठेवले. मी विचारलं, एवढं काय आहे त्या शाळेत? तिने दोन्ही हातांची बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. खूप माणसं, असं मला वाटलं. पुढे काहीतरी बोलली, ते मला लागलं नाही. मी मान डोलावली.

मुलाखत ऑनलाइन होती. शाळा लातुरात, उमेदवार नांदेडात, मध्ये तीन-साडेतीन तासांचा एसटीचा रस्ता. पण संस्थेचे अध्यक्ष मुंबईला असल्याने सगळ्यांनी पडद्यावर भेटायचं ठरलं होतं. लॅपटॉप माझा, म्हणून मी आदल्या दिवशी गेलो. आक्काने स्वतः शिवलेलं निळं ब्लाउज घातलं, पांढरी साडी नेसली. मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर नीट दिसते ना, हे तिने चारदा उठून पाहिलं. घरातल्या खुणा समजावून सांगायला म्हणून मी बाजूला, कॅमेऱ्याच्या कडेबाहेर खुर्ची टाकून बसलो. माय स्वयंपाकघराच्या दारात.

पडद्यावर तीन चौकोन उघडले. एकात अध्यक्ष, एकात शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि एकात खुणांचा दुभाषा, तिशीतला एक सडपातळ माणूस. सुरुवात उत्तम झाली. दुभाष्याने हात हलवले आणि आक्काचे हात असे सुटले की मी बघतच राहिलो. अस्तर कसं लावायचं, कटोरीची मापं कशी घ्यायची, ती सांगत होती आणि दुभाषा मराठीत बोलत होता. माझी काही गरजच पडत नव्हती. दहा मिनिटं मी नुसता बसून होतो आणि मला, खोटं कशाला बोलू, थोडा रागच आला.

मग अध्यक्षांनी प्रेमळपणे म्हटलं, "घरच्यांविषयी सांगा ना."

आक्काने झटकन सांगितलं. दुभाषा अडला. या आमच्या घरच्या खुणा, त्याला कुठून येणार? त्याने तिला पुन्हा विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "सावकाश करू द्या बाईंना. घाई नाही."

आक्काने मग सावकाश केलं. परक्या माणसाशी आपण शब्द सुटे करून बोलतो, तशी तिने एकेक खूण स्पष्ट करून, छातीसमोर धरून ठेवली. आणि इथेच घात झाला. हात भराभर हलत असतात तोवर या कॅमेऱ्याला काही कळत नाही. हात क्षणभर थांबला की तो त्याला पकडतो. हे मला माहीत होतं. अख्ख्या मराठवाड्यात बहुधा मलाच माहीत होतं. चाचणीसाठी लागतात म्हणून माझ्या लॅपटॉपवर हे सगळे इफेक्ट चालू ठेवलेले असतात, हेही मला माहीत होतं. ते बंद करायचं मात्र मी विसरलो होतो.

आक्काने दोन्ही अंगठे वर धरले. बाबा. तिच्या खांद्यांमागून तांबडी-पिवळी आतषबाजी फुटली.

तिचं लक्ष दुभाष्याकडे होतं. तिने अंगठे उलटे केले. बाबा गेले. काळे ढग आले आणि पाऊस सुरू झाला.

त्या उलट्या अंगठ्यांविषयी सांगायला हवं. बाबा गेले त्या दिवशी घरात रडारड होती आणि आक्काला कुणीच काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल. ती प्रत्येकाला हलवून दोन्ही अंगठे वर करून विचारत होती, बाबा? बाबा? शेवटी तीच पांढऱ्या चादरीपर्यंत गेली, बघून आली आणि माझ्यासमोर उभी राहून तिने ते अंगठे हळूच उलटे केले. ही खूण तिने त्या दिवशी स्वतःच शोधली. सांगण्याचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. आजही आठवलं की मला माझी लाज वाटते.

आता त्याच अंगठ्यांवर पाऊस पडत होता आणि पडद्यावरचे तिघं पापणी न हलवता बघत होते. मी खुर्चीतून अर्धवट उठलो. मला उठताना पाहून आक्काने माझी ओळख करून द्यायचं मनावर घेतलं. भाऊ. तिने दोन्ही हातांची शिंगं केली आणि, मान राखून, खांद्याइतकी धरून ठेवली. हिरवे-जांभळे किरण सुटले. अध्यक्ष फिसकन हसले. त्यांची चूक नव्हती, मीही हसलो असतो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हे काय चाललंय? कोण करतंय हे?"

त्यांच्या तोंडावरचे भाव पाहून आक्काने पहिल्यांदा पडद्यावरच्या स्वतःच्या चौकोनाकडे पाहिलं. किरण अजून फिरत होते. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू शकत नाही. फुगे कोण सोडतं, हे तिला माहीत होतं.

तिने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. वसतिगृहाच्या जुन्या बाई वर्गात पोरींना असंच हातांवर बसवत, हातांनी बोलू नका, तोंडाने बोला म्हणून. मायच्या तोंडून मी ते ऐकलं होतं. बघितलं त्या दिवशी.

"बरं, आमच्या शाळेत का यावंसं वाटतं?" मुख्याध्यापिकांनी सावरून घेत विचारलं. दुभाष्याने हात हलवले. आक्का हलली नाही. ती दरवाज्याकडे बघत होती. मग मी तेच केलं जे आयुष्यभर करत आलो. कॅमेऱ्यात डोकं घालून म्हणालो, "ती म्हणते, मुलींची सेवा करायची इच्छा आहे."

दुभाषा शांतपणे म्हणाला, "बाईंनी हातच हलवले नाहीत. तुम्ही कुणाचं भाषांतर करून राहिलात?"

"कळवू," अध्यक्ष म्हणाले, आणि तिन्ही चौकोन मिटले.

पुढचा तासभर मी आक्काची समजूत घालत होतो. ती ऐकून घेत नव्हती, म्हणजे माझ्या हातांकडे बघतच नव्हती. शेवटी बघितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं. माझी शिंगं, मग फुगवलेले गाल, मग पसरलेला हात. बैला, फुगे का सोडलेस?

मी सोडले नाहीत, यंत्राने आपोआप सोडले, असं मला सांगायचं होतं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आमच्या घरच्या भाषेत "आपोआप" नाहीच. आमच्याकडे सगळं कुणीतरी करतं. दूध उतू गेलं तरी ते कुणीतरी घालवलेलं असतं. मी लॅपटॉपकडे बोट दाखवलं, स्वतःकडे दाखवून नाही-नाही केलं. तिने माझ्या छातीवर बोट टोचलं. मी करतो, हे माझं काम. मे महिन्यात मीच सांगितलं होतं की.

माय दारातून म्हणाली, "तिनं जाऊ न्हाई म्हून तू मुद्दाम केलंस का रे?"

"माय!"

"न्हाई, मी आपलं इचारलं."

मला संताप आला. मग संतापाखाली जरा चाचपून पाहिलं तर तिथे नुसता संतापच नव्हता. मी मुद्दाम काही केलं नव्हतं, हे खरं. पण एरवी बैठकीआधी न चुकता बंद करतो ते बटण त्याच दिवशी विसरलो, हेही खरं.

शेवटी मी लॅपटॉप आक्कापुढे ठेवला, कॅमेरा चालू केला, मायलाही घेतलं आणि दोघं खोलीच्या बाहेर अंगणात जाऊन खिडकीतून बघत उभे राहिलो. माझे दोन्ही हात मी डोक्यावर धरले, पकडलेल्या चोरासारखे. आक्का बराच वेळ तशीच बसून होती. मग तिने एकटीने दोन्ही अंगठे वर केले. आतषबाजी झाली. तिने खिडकीकडे पाहिलं. माझे हात डोक्यावरच होते. तिने अंगठे उलटे केले. पाऊस पडला. पुन्हा वर, पुन्हा खाली. मग तिने अंगठे वर धरले आणि तसेच धरून ठेवले. आतषबाजी संपली तरी हात खाली आणले नाहीत. मला रडू आलं.

आत बोलावून तिने विचारलं, बंद कुठून होतं? पडद्याच्या वरच्या कडेला कॅमेऱ्याचं हिरवं चिन्ह असतं, ते दाबून मी तिला बटण दाखवलं. तिने एक बोट वर केलं. एवढं एकच? मी होकाराची मान हलवली. तिने माझी शिंगं केली, आणि या वेळी ती थेट कपाळाशी नेली.

सवयीने माझा नोंदींचा प्रोग्राम मुलाखतभर मागे चालू राहिलेला होता. संध्याकाळी मी नोंदी उघडल्या. आतषबाजी सुरू, संपली. पाऊस सुरू, संपला. किरण सुरू, संपले. आणि त्यानंतर मुलाखत संपेपर्यंत काहीच नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाने हा रिकामा भाग पाहिला असता तर ते खूश झालं असतं. सगळं सुरळीत चाललंय असा त्याचा अर्थ त्याने लावला असता. माझा प्रोग्राम किती अचूक आहे आणि किती बिनकामाचा आहे, हे मला त्या रात्री एकाच कागदावर दिसलं.

मी तो तक्ता शाळेला पाठवला. इफेक्टचं नाव, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, आणि चौथा रकाना मी हाताने भरला: उमेदवाराने त्या वेळी काय सांगितलं. वडील. वडील वारले. भाऊ. शेवटच्या रिकाम्या भागासमोर लिहिलं: उमेदवाराला वाटलं, भाऊ चेष्टा करतोय. त्यानंतर ती बोलली नाही. "मुलींची सेवा" हे वाक्य भावाने पदरचं घातलं. खाली सही केली. नोकरीत मी ढिगाने अहवाल लिहिले, पण हा एकच असा होता की त्यातलं एकही वाक्य कुणाच्या डोळ्यात धूळ फेकायला लिहिलेलं नव्हतं.

आठवडा गेला. आक्काने बायकांची शिवणं पुन्हा घ्यायला सुरुवात केली होती. मग शाळेचा फोन आला. समक्ष या. लॅपटॉप आणू नका.

मी लातूरहून उलटा नांदेडला गेलो आणि आक्काला घेऊन आलो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, खिडकीजवळ बसलेली आक्का एकदाही झोपली नाही. शाळेत गेल्यावर तिला शिवणाच्या खोलीत सहा मुली आणि काज न केलेली सहा ब्लाउजं दिली. अध्यक्ष नव्हते. मुख्याध्यापिका होत्या, आणि तो दुभाषा होता. त्याचे आईवडील दोघंही न ऐकणारे, हे तेव्हा कळलं. खुणा त्याला दुधाबरोबर मिळालेल्या.

आक्काने खडूने खुणा केल्या, कात्रीचं टोक कुठे थांबवायचं ते दाखवलं, आणि बोलायला लागली. तिचे हात, तिच्या भुवया, तिचे खांदे, सगळंच बोलत होतं. मुलींचे हात उत्तर देत होते. एकीने सुई टोचून घेतली, त्यावर आक्का काहीतरी बोलली आणि सगळ्या जणी माझ्याकडे बघून हसून हसून वाकल्या.

"काय म्हणाली?" मी दुभाष्याला विचारलं.

"तुमच्याबद्दल हाय," तो म्हणाला. "सांगू का?"

"राहू द्या."

नोकरी झाली. मुख्याध्यापिका खोली दाखवायला निघाल्या तेव्हा मी भावाचं कर्तव्य म्हणून म्हणालो, माझं घर इथून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे, दिवसा शाळा करील, रात्री आमच्याकडे राहील. लोक काय म्हणतील ते माझ्याही डोक्यात होतंच. दुभाष्याने ते आक्काला सांगितलं. आक्काने उत्तर दिलं. मी दुभाष्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. सख्ख्या बहिणीचं बोलणं परक्याच्या तोंडून ऐकायला उभा होतो.

"त्या म्हणतात," दुभाषा म्हणाला, "भावाकडं राहिले की संध्याकाळी मी परत मुकी होईन. इथं मी मुकी न्हाई."

आक्का माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. मी जे समजलो ते खरंच समजलो की नुसतीच मान डोलावतोय, ते बघत होती. मी मान डोलावली नाही.

मी गेटपाशी आलो तोवर मायचा फोन आलाच. आक्का मागे अंगणात आठ-दहा मुलींच्या घोळक्यात उभी होती, तिची ती मैत्रीणही हात पुसत स्वयंपाकघरातून आली होती, आणि इतके हात एकाच वेळी चालले होते की कुणाचं कोण ऐकतंय तेच कळेना.

"झालं का?" मायने विचारलं. "इचार तिला, करमंल का तिथं. काय म्हणती?"

माझ्या तोंडाशी उत्तर तयार होतं. हो म्हणते. आयुष्यभर तेच तर दिलं होतं.

"माय, ती बोलून राहिली," मी म्हणालो. "पण मला काही समजंना."

मी मागे वळून त्या घोळक्याकडे पाहिलं.

"तिथल्यांला समजून राहिलं का पण?"

"हाव. सगळ्यांला."

"मंग राहू दे तिला," माय म्हणाली.